वीस ओळींचा ब्राउझर

परवा शनिवारी सहज पायथॉनमध्ये ब्राउझर लिहायला बसलो. पायक्यूटीचं क्यूवेबइंजिनव्ह्यू, वर पत्त्याची पट्टी, मागे-पुढे जायची बटणं... वीसेक ओळींत काम फत्ते! बायकोला ऐटीत दाखवलं. ती म्हणाली, "छान. पण यात तुझं काय रे?"

खरंच की! पान आणणारं, मांडणारं क्रोमियम आतमध्ये आयतंच. माझी फक्त चौकट.

मग रविवारी टीकेइंटर आणि सॉकेट घेऊन बसलो. पोर्ट ८०, गेट विनंती, टॅग काढून टाकायचे, उरलेला मजकूर टेक्स्ट विजेटमध्ये. इंग्रजी पान झकास आलं. बाबांचा मराठी लेख घरच्याच मशीनवर ठेवला होता, तो उघडला तर एरर! दोन तास डोकं खाजवलं. मी १०२४ बाइटचा तुकडा आला की लगेच डीकोड करत होतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि तुकडा नेमका एका अक्षराच्या पोटातून जात होता. सगळे बाइट गोळा करून एकदाच डीकोड केलं... आणि लेख दिसला. ना रंग, ना चित्रं. पण हा माझा!

बाबांना फोन केला. "बाबा, तुमचा लेख माझ्या ब्राउझरात दिसतोय."

"ऱ्हस्व-दीर्घ नीट आहे ना?"

असो. चहा घेतो.