पलटणीचा छकडा

पिट्सबर्गच्या उत्तरेला तासाभराच्या वाटेवर बटलर नावाचे गाव आहे. अमेरिका पाहून आलेल्या आपल्या मंडळींच्या तोंडी हे नाव सहसा ऐकू येत नाही. नायगारा असतो, न्यूयॉर्क असते, फार तर पिट्सबर्गचे व्यंकटेश्वराचे देऊळ असते. पण आपल्याकडे एके काळी ज्या जीपमधून साहेबांची स्वारी गावोगाव फिरे, ती पहिलीवहिली जीप या बटलरात जन्मली. १९४० साली अमेरिकन लष्कराने ४९ दिवसांत नमुना मागितला. बॅन्टम नावाच्या एका डबघाईला आलेल्या कारखान्याने विडा उचलला आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपायच्या आत, गाडी मेरिलँडच्या छावणीत नेऊन उभी केली. पुढे मोठी कंत्राटे मात्र विलिस आणि फोर्ड यांना गेली. स्वयंपाक एकीने रांधावा आणि मानाचे पान दुसरीने घ्यावे, तसलाच प्रकार! बॅन्टमच्या वाट्याला आले ते जीपमागे जोडायचे दोनचाकी गाडे.

त्या कारखान्याने ते गाडे इमानाने हजारोंनी केले, आणि लढाई संपल्यावर त्यांचीच साधी आवृत्ती नागरिकांनाही विकली. म्हणजे पलटणीचा छकडा संसारी करण्याची कल्पना मुळात घडवणाऱ्याचीच!

माझा भाचा पिट्सबर्गला असतो. गेल्या जूनमध्ये मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा अंगणात असाच एक गाडा उभा होता. बॅन्टमचा नव्हे, तर त्याच वंशातला, साठच्या दशकातल्या लष्करी गाड्यांसाठी केलेला एम ४१६. सरकारी लिलावातून एका शेतकऱ्याकडे आणि तिथून याच्याकडे आलेला. लिलावाच्या वेळी मिळणारा दाखला शेतकऱ्याने जपून ठेवला होता, म्हणून नोंदणी सुखाने झाली. तो कागद हरवला की गाडा विकत घेण्यापेक्षा त्याची नोंदणी अवघड, असे भाचा म्हणाला. कचेऱ्या सगळीकडे सारख्याच.

“मामा, याला तंबू बसवायचा आणि कुक फॉरेस्टला जायचे,” त्याने जाहीर केले. मला वाटले, रंगाचा एक हात आणि वर ताडपत्री, झाले काम. प्रत्यक्षात तीन आठवडे आम्ही त्या गाड्याच्या सेवेत होतो.

आधी जुवाची गोष्ट. पलटणीच्या गाड्याच्या तोंडाशी जाड लोखंडी कडे असते आणि ते ओढणाऱ्या गाडीच्या आकड्यात अडकते. खाचखळग्यांत ही ढिली सांगड उत्तम, पण डांबरी रस्त्यावर ती खडखडून डोके उठवते. शिवाय घरगुती मोटारीला मागे आकडा नसतो, गोळा असतो. म्हणून कडे काढून गोळ्यावर बसणारी वाटी लावली. साखळ्या मात्र दुहेरी ठेवल्या. मग दिवे. लष्कराची वीज २४ व्होल्टची, मोटारीची १२ ची. जुने दिवे जोडले तर देव्हाऱ्यातल्या समईइतकेही तेज नाही. सगळ्या तारा नव्या घातल्या. टायर दिसायला धडधाकट होते, पण त्यांच्या कुशीवर बारीक भेगा होत्या. ते काढून टाकले.

चाकांचे वंगण बदलण्याचे काम शेजारच्या आजोबांनी अंगावर घेतले. तरुणपणी ते व्हिएतनामच्या लढाईत होते. गाडा आला त्या दिवशी ते कुंपणापाशी बराच वेळ उभे होते म्हणे. बोटांनी बेअरिंगमध्ये ग्रीस दाबत असताना मी सहज विचारले, “यातून काय नेत असत?”

“जाताना पाणी,” ते म्हणाले. थोड्या वेळाने खाली मान घालूनच म्हणाले, “येताना माणसे.”

भाचा गाड्याला आकाशी रंग देणार होता. आजोबांनी एकच मागणे केले की आतल्या बाजूचा पांढरा क्रमांक तेवढा पुसू नका. आम्ही तो पुसला नाही. भाचेसून खिडकीतून ऐकत होती. धाकट्याच्या गाद्या-पांघरुणे याच पेटीत जायची होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने गाड्याला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि प्रसादाची वाटी घेऊन पहिल्यांदा आजोबांकडे गेली.

आता खरी परीक्षा ओझ्याची. रानवाटेवर या गाड्याचा भार ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२५ किलो, आणि त्याहून अधिक याचे स्वतःचेच वजन. त्यात चालत्या गाडीला ब्रेक नाही. आहे तो फक्त उभ्या गाड्याला धरून ठेवणारा हातब्रेक. उतारावर सारा धक्का पुढच्या मोटारीने सोसायचा. आम्ही न्हाणीघरातला वजनकाटा अंगणात आणला आणि कुकरपासून पाण्याच्या कॅनपर्यंत सगळे तोलून लिहून काढले. पाटा-वरवंटा वगळला गेला, याचे भाचेसुनेला अजून वाईट वाटते. जड सामान तळाशी आणि आसाच्या किंचित पुढे ठेवावे लागते. एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा जोडावर पडावा. मागे भार झाला की गाडा शेपटीसारखा हलू लागतो आणि पुढच्या मोटारीलाही खेचतो.

ब्रुकव्हिलहून ३६ नंबरचा रस्ता क्लॅरियन नदीकडे उतरतो, तिथे या हिशेबाचे मोल कळले. भाचा खालच्या गिअरमध्ये गाडी धरून होता आणि गाडा पाठीवर हात ठेवल्यासारखा मागून मंद रेटत होता, पण सरळ! मागच्या आसनावर कोणी बोलले नाही. नदीवरचा पूल आला तेव्हा धाकट्याने टाळ्या वाजवल्या.

कुक फॉरेस्टमधले हेमलॉक आणि पाइन यांतले काही वृक्ष तीन-तीनशे वर्षांचे आहेत. त्यांच्याखाली दुपारीही संध्याकाळ असते. अस्वलांचा वावर असल्याने जेवणाचे सगळे सामान रात्री मोटारीत कुलूपबंद केले, आणि गाड्यावरच्या तंबूत मी, भाचा, भाचेसून आणि धाकटा असे दाटीवाटीने झोपलो. पहाटे पाऊस कोसळला. हा गाडा नदीत तरंगावा म्हणून पेटी जलबंद केलेली, आणि तळाशी बुचांची दोन भोके. पाण्यात उतरताना बुचे घट्ट लावायची, एरवी आत साचलेले पाणी त्यातूनच सोडायचे. भाच्याने खाली उतरून बुचे काढली. पाणी भळाभळा वाहून गेले. धाकट्याचे पांघरूण कडेलाच जरासे भिजले होते. ते आतल्या पांढऱ्या क्रमांकावर वाळत पसरून भाचेसुनेने स्टोव्ह पेटवला आणि पोह्यांना फोडणी दिली.