कुलाब्याहून कुलाब्याला

अलिबागला जाणारी माणसे सहसा समुद्र पाहायला जातात. ओहोटीची वेळ विचारायची, पाणी ओसरले की कुलाबा किल्ल्यात जाऊन यायचे, परतताना पांढऱ्या कांद्यांची माळ घ्यायची, की सहल पुरी झाली. २०१६ च्या दिवाळीनंतर आम्हीही असेच गेलो होतो. मी मात्र किल्ल्यापेक्षा किनाऱ्याजवळच्या एका फाटकापाशीच अधिक वेळ रेंगाळलो. आत झाडी, बैठ्या इमारती आणि कमालीची शांतता. पाटी भूचुंबकीय वेधशाळेची. ‘काय आहे रे तिथं एवढं?’ असे आईने दोनदा विचारले, तेव्हा तिला बाकावर बसवून मी ती गोष्ट सांगितली. सांगितली नसती तर बरे झाले असते, असे मला पुढे बरेच दिवस वाटत होते.

गोष्ट तशी साधी आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली मुंबईच्या कुलाब्याला वेधशाळा काढली. आरंभी तिचे काम ताऱ्यांचे वेध घेण्याचे आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ पुरवण्याचे. पुढे १८४१ पासून तिथे हवामानाबरोबरच पृथ्वीच्या चुंबकत्वाच्याही नियमित नोंदी होऊ लागल्या. यापेक्षा नीरस नोकरी मला तरी सुचत नाही! टांगलेले चुंबक किती हलले ते डोळ्याने पाहायचे आणि वहीत लिहायचे; पुन्हा थोड्या वेळाने पाहायचे, पुन्हा लिहायचे. दिवसभरात हे चुंबकत्व बदलून बदलून किती बदलणार? शांत दिवशी हजारातला जेमतेम एखादा भाग. पण १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरच्या उत्पातामुळे पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, ते या वह्यांत उतरलेले होते. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या नोंदींवरून वादळाचा जोर नव्याने मोजला, तेव्हा लिहिणारा जाऊन किती वर्षे झाली असतील!

तर अशा या सुखी संसारात ट्राम आली. घोड्यांची ट्राम मुंबईत १८७४ पासून होतीच. घोड्यांचा चुंबकाला काही उपद्रव नव्हता. पण विसाव्या शतकाच्या तोंडावर विजेच्या ट्रामचा विचार सुरू झाला आणि वेधशाळेच्या पोटात गोळा उठला. ट्रामची वीज रुळांवाटे परत जाते, त्यातली काही जमिनीत झिरपते, आणि एवढेसे झिरपणेही त्या नाजूक चुंबकाला पुरते. त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते नानाभॉय अर्देशर फ्रामजी मूस. त्या जागेवरचे ते पहिले भारतीय. ट्रामशी भांडण्यात अर्थ नाही हे ओळखून त्यांनी मुंबईपासून फार लांब नाही आणि गडबडीच्या वाऱ्यालाही नाही, असे अलिबाग निवडले. अलिबाग तेव्हा ज्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते, त्याचे नाव कुलाबाच; रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. म्हणजे ही मंडळी कुलाब्याहून उठून कुलाब्यालाच गेली! (पुण्याने याच्याही पुढे मजल मारली. हवामान खात्याची मुख्य कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आली. तिथल्या चौकाला लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.)

अलिबागच्या इमारतींसाठी चुंबकाला न भुलवणारा पोरबंदरी दगड आणला. बांधकामात लोखंड येऊ दिले नाही. आतले तापमान हलू नये म्हणून भिंती जाडजूड केल्या. हे सगळे झाले आणि १९०४ साली तिथे नोंदी सुरू झाल्या. पण कुलाब्याच्या नोंदी बंद झाल्या नाहीत. १९०६ पर्यंत, जवळपास दोन वर्षे, इथेही आणि तिथेही, एकाच वेळी नोंदी होत राहिल्या. अलिबागचा अमुक आकडा म्हणजे कुलाब्याचा कोणता, हे नीट जुळले, आणि मगच कुलाब्याचे चुंबक विसावले. विजेची ट्राम धावली ती १९०७ साली.

आईने सगळे ऐकून घेतले. ट्रामचे नाव निघाले तेव्हा तिचा चेहरा जरा खुलला. १९५८ साली लग्न होऊन ती गिरगावात आली तेव्हा ट्राम होती, आणि १९६४ च्या मार्चअखेर शेवटची ट्राम गेली तेव्हाही ती तिथेच होती. ‘म्हणजे ज्यांना हाकललं ते आहेत, आणि हाकलणारी गेली,’ असे म्हणून ती हसली. मग थोडा वेळ थांबून तिने विचारले, ‘दोन वर्षं दोन्हीकडं चालू ठेवलं होतं?’

मी ‘हो’ म्हणालो. ती समुद्राकडे पाहत राहिली.

त्याच वर्षीच्या एप्रिलात आम्ही तिला गिरगावातून ठाण्याला आणले होते. एका रविवारी, एका टेंपोत, साडेचार तासांत. चाळ पाडून टॉवर व्हायचा होता, तेव्हा हलणे भागच होते. पण खोली सोडायला आठ महिन्यांची मुदत होती. दादा म्हणाला, उगाच लांबण नको. मीही तेच म्हणालो. त्या दिवशी आमच्या टापटिपीचे आम्हालाच कौतुक वाटले होते.

आमच्या चाळीची वेधशाळा म्हणजे आई. चर्नी रोडच्या गाडीचा आवाज नेहमीपेक्षा जवळून आला, चौपाटीकडचा वारा गॅलरीच्या अमक्याच खांबाशी घुमला, की ती दांडीवरचे कपडे काढी. आणि आई कपडे काढते आहे हे पाहून तिन्ही मजल्यांवरचे कपडे भराभर आत जात. आकाश निरभ्र असले तरी कुणी शंका काढत नसे. २६ जुलै २००५ ला मात्र ती म्हणाली होती, ‘आज काही विशेष नाही.’ त्या दिवशी दादा सांताक्रूझच्या बाजूला अडकला आणि रात्रभर कमरेइतक्या पाण्यातून चालत दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचला. आल्या आल्या त्याने आईच्या वेधशाळेचा उद्धार केला. पण त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला अवघा ७३ च्या आसपास. गिरगावापुरते आईचे काही चुकले नव्हते.

ठाण्याला आल्यावर तिने आकाशाविषयी बोलणेच सोडले. पहिल्या पावसाळ्यात दोनदा कपडे चिंब भिजले. मी सहज म्हणालो, ‘आई, तुला कसं कळलं नाही?’ ती म्हणाली, ‘इथं मला काय कळणार? इथं आवाजच ओळखीचे नाहीत.’ बाविसाव्या दिवशी माणूस नव्या जागेत रुळतो, असे कुठल्याशा मासिकात वाचून मी निश्चिंत होतो. तिला त्या आठ महिन्यांत शनिवार-रविवार ठाण्याला आणता आले असते. एक पावसाळा दोन्ही खिडक्यांतून पाहू देता आला असता. अलिबागहून परतताना हे मी दादाला बोलून दाखवले. तो म्हणाला, ‘आई म्हणजे काय यंत्र आहे?’ यंत्राचे आपण जास्त करतो, एवढेच मला सुचले. पण ते मी बोललो नाही.

दुसरा पावसाळाही तसाच मुका गेला. त्या दोन वर्षांत तिने काय पाहिले, काय ताडून पाहिले आणि काय चुकले, ते मला सांगता येणार नाही. मी विचारलेच नाही.

२०१८ च्या जुलैत एका दुपारी मी वर्तमानपत्र वाचत होतो. आई खिडकीशी उभी होती. म्हणाली, ‘ते कपडे आत घे.’

बाहेर लख्ख ऊन होते. ‘कशावरून?’ मी विचारले.

‘येऊरचा तो डोंगर दिसेनासा झाला की अर्ध्या तासात येतो.’

मी कपडे आत घेतले आणि मुद्दाम घड्याळ पाहून बसलो. पाऊस आला, पस्तीस मिनिटे लागली. तसे तिला सांगितले, तर म्हणाली, ‘तुझं घड्याळ पाच मिनिटं पुढं आहे,’ आणि समोरच्या इमारतीतल्या, ओळख ना पाळख अशा बाईंना हातवारे करून कपडे काढायला सांगू लागली.