परसातला आंबा आणि उताऱ्यावरचे नाव

आमच्या श्रीवर्धनच्या घराच्या परसात एक रायवळ आंबा आहे. दादाजींनी लावलेला. फळ लहान, रेषाळ. पण रस असा की हापूसचे शौकीनही दुसरी वाटी मागून घेतात. दर मे महिन्यात या झाडाची एक करंडी म्हसळ्याला फुफींकडे जाते. अब्बा होते तोवर ते स्वतः एस.टी.ने घेऊन जात. २०१७ साली त्यांचा इंतकाल झाला, तेव्हापासून ते काम आमच्याकडे आले.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटरचा वारा. श्रीवर्धनची रोठा सुपारी सगळीकडे नावाजलेली. तिच्या वाड्याच्या वाड्या त्या दुपारी आडव्या झाल्या. आमच्या परसातल्या सुपाऱ्या आणि दोन माड गेले. आंबा राहिला; पण त्याची एक मोठी फांदी मोडून स्वयंपाकघराच्या कौलांवर आली. अम्मी त्या वेळी चार पावलांवर उभ्या होत्या. अल्लाहची मेहरबानी, एवढेच म्हणायचे.

त्या दिवसापासून आंबा आमच्या नजरेत वडीलधारा राहिला नाही, धोका झाला. पावसाळ्यात वारा सुटला की अम्मी तसबीह घेऊन बसत आणि आम्ही खिडकीतून शेंड्याकडे पाहत बसायचो. २०२४ च्या मे महिन्यात धाकटा भाऊ कुवेतहून रजेवर आला. त्याला मागे दोन खोल्यांचा स्लॅब टाकायचा होता. तो म्हणाला, "झाड काढून टाकूया. जागाही होईल आणि घोरही मिटेल." आम्हालाही ते पटले. लाकडाचा व्यापारी येऊन बुंधा मापून गेला. सांगायला लाज वाटते, त्याच आठवड्यात आम्ही शाळेत सहावीच्या मुलांच्या 'दरख्तों के फायदे' या निबंधाच्या वह्या तपासून संपवल्या होत्या.

व्यापाऱ्यानेच आम्हाला थांबवले. म्हणाला, "सर, आधी परवानगीचा कागद आणा. त्याशिवाय मी करवत लावणार नाही."

आपल्या जागेतले आपले झाड, त्याला परवानगी कसली, असे आम्हाला वाटले. आपल्या मोहल्ल्यात बहुतेकांना असेच वाटते. पण शहरी भागासाठी १९७५ पासून महाराष्ट्रात झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. स्वतःच्या अंगणातले झाड तोडायचे तरी नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. खेड्यातही सगळी मोकळीक नाही. तिथे १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही आपल्या ओळखीची झाडे आहेत. २०२१ साली शहरी कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला आता वारसा वृक्ष मानतात, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी रोपे लावून ती सात वर्षे जगवायची जबाबदारी येते. आमचा आंबा साठीच्या पुढचा. म्हणजे साठाहून जास्त रोपे! आमच्या उरलेल्या परसात सहासुद्धा मावणार नाहीत.

तरीही अर्ज भरायचा ठरवला. कारकुनाने सांगितले, "मालमत्तेचा उतारा जोडा आणि उताऱ्यावर जी जी नावे असतील त्यांची संमती."

उतारा काढला. अम्मींचे नाव होते, आम्हा दोघा भावांचे होते. आणि आमच्या वर आणखी एक नाव होते. फुफींचे. १९८४ साली दादाजी गेले तेव्हा वारस म्हणून लागलेले. ते कुणी कमी केले नव्हते, फुफींनी हक्क सोडल्याचा कागदही कुठे नव्हता. चाळीस वर्षे ते नाव तिथे होते आणि आम्ही ते एकदाही नीट वाचले नव्हते. 'आमचे घर', 'आमचे झाड' असे म्हणताना त्या 'आम्ही'मध्ये फुफी नव्हत्या.

मुलीला बापाच्या मालमत्तेत हिस्सा आहे, हे कुरआन शरीफने साफ सांगितले आहे. मुलाच्या निम्मा, पण ठरलेला. हे आम्ही भाषणात अभिमानाने सांगतो. आमच्या घरात मात्र त्या हिश्श्याची एक करंडी झाली होती. वर्षातून एकदा, मे महिन्यात. आता झाड तोडून आम्ही ती करंडीही बंद करायला निघालो होतो.

फुफींना आणायला आम्ही म्हसळ्याला गेलो. त्या सत्तरीच्या पुढे आहेत, गुडघे दुखतात. तरी आल्या. परसात खुर्ची टाकून बसल्या आणि बराच वेळ झाडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी सात वर्षांची असेन. बाबांनी रोप लावलं आणि पाणी घालायचं काम मला दिलं. तुझा बाप तेव्हा रांगत होता."

आम्ही अर्ज पुढे केला. "फुफी, तुम्ही नको म्हणालात तर नाही तोडणार."

"तोडायचं असेल तर तोडा, बाळा. कुणाच्या डोक्यावर पडण्यापेक्षा तोडलेलं बरं. सही देते मी. पण विचारलंत, हे बरं केलंत. या घरात मला कुणी काही विचारलं त्याला चाळीस वर्षं झाली."

धाकटा उठून आत गेला. आम्हाला वर बघवेना.

सही त्या दिवशी आम्ही घेतली नाही. धाकट्यानेच सांगितले, आधी जाणत्या माणसाला झाड दाखवूया. नारळ उतरवणारे एक वयस्क गृहस्थ आले. त्यांनी कोयतीच्या पाठीने बुंधा सगळीकडून ठोकून पाहिला. कुठे पोकळ आवाज येतो का, बुडाशी अळंबी उगवली आहे का, मुळांजवळची माती एका बाजूने उचलली आहे का, झाड अलीकडे कलले आहे का, हे सारे तपासले. वर चढून मोडक्या फांदीची जागा पाहिली. खाली उतरून म्हणाले, "झाड म्हातारं आहे, आजारी नाही. दोन सुक्या फांद्या आणि घरावरची एक, एवढं उतरवा. आणि हे सिमेंट फोडा. झाडाचा गळा तुम्हीच आवळलाय."

खरेच होते. २०१६ साली चिखल नको म्हणून आम्ही बुंध्याला भिडवून परसात कोबा केला होता. पावसाचे पाणी मुळांना न मिळता गटारात जात होते. धोका झाडाचा म्हणत होतो, त्यातला काही आमच्याच हातचा होता.

झाड कधीच तोडू नये, असे आमचे म्हणणे नाही. बुंधा पोकळ झाला असेल, मुळे कुजली असतील आणि खाली मुले झोपत असतील, तर रीतसर परवानगी काढून ते उतरवलेच पाहिजे. माणसाचा जीव आधी. पण करवत बोलावण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. भीती झाडाची आहे की जागेची हाव आहे? फांद्या छाटून भागेल का? बांधकाम चार हात सरकवता येईल का? फांद्यांत घरटी आहेत का, असतील तर पिले उडेपर्यंत थांबता येईल का? विजेची तार जवळून जाते का? जात असेल तर आधी वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद करून घ्यावा. झाड शेजाऱ्याच्या भिंतीकडे झुकते का? मग त्याच्याशीही बोलावे. आणि सर्वांत आधी, या झाडात आणखी कुणाचा हिस्सा आहे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या उताऱ्यावर संपत नाही. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याच्या नावे तो सदका होतो, अशी हदीस आहे. दादाजींना जाऊन चार दशके झाली. त्यांचे ते खाते अजून चालू आहे. ते बंद करायचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

मृगाच्या आधी तीन फांद्या उतरवल्या, तेवढ्यापुरतीच परवानगी घेऊन. बुंध्याभोवतीचा कोबा फोडून माती मोकळी केली. स्लॅबची एक खोली कमी झाली. धाकटा कुरकुरला, पण कुवेतला जाताना विमानतळावरून त्याने फोन केला तो खोलीबद्दल नव्हता. म्हणाला, "भाईजान, फुफींच्या हिश्श्याचं बघा. मी माझा वाटा लावतो."

ते काम अजून पुरे झालेले नाही. जागेची मोजणी झाली, किंमत ठरवायची आहे. फुफी म्हणतात, मला काय करायचंय आता. आम्ही म्हणतो, ते तुम्ही घेतल्यावर ठरवा. चाळीस वर्षांचे देणे एका बैठकीत फिटत नाही, पण निदान आमच्या तोंडून ते देणे म्हणून निघाले.

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही करंडी भरायला घेतली, तेवढ्यात म्हसळ्याहून फोन आला.

"यंदा करंडी पाठवू नका," फुफी म्हणाल्या. "मीच येते. माझे आंबे मी उतरवून घेईन."