कात्रीचें सामर्थ्य

रहस्यपट पाहून आलेल्या मुलांस ‘तुम्हांला भीति कोठें वाटली?’ असें विचारिलें, तर तीं खलपुरुषाच्या मुद्रेचें, बंदुकीचें किंवा वाद्यांच्या गजराचें नांव घेतात. कात्रीचें नांव कोणीहि घेत नाहीं. त्यांत त्यांचा दोष नाहीं. कारागिराची करणी जितकी उत्तम तितकी ती डोळ्यांआड राहावी, असाच त्या धंद्याचा रिवाज आहे. या कारागिरास संकलक म्हणतात.

३५ मिलिमीटरची फिल्म पडद्यावर सेकंदास २४ चित्रें, म्हणजे मिनिटास ९० फूट, या वेगानें धांवते. तीन तासांच्या खेळास १६,००० फुटांहून अधिक फिल्म लागते. आणि चित्रण झालेलें असतें तें याच्या कितीतरी पट. त्यांतून कोणता तुकडा ठेवावा, कोठें तोडावा व कशास जोडावा, हें संकलकानें ठरवावयाचें. आज फिल्मच्या जागीं संगणक आला आहे; तथापि ठरवावयाचें तें तेंच राहिलें आहे.

आपणां सर्वांच्या परिचयाचें एक उदाहरण घेऊं. १५ ऑगस्ट १९७५ रोजीं प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ चित्रपटाचें संकलन एम्. एस्. शिंदे यांनीं केलें. फिल्मफेअर पारितोषिकांसाठीं या चित्रपटास नऊ नामांकनें मिळालीं. पारितोषिक मात्र एकच मिळालें, आणि तें शिंदे यांच्या संकलनास. आमच्या भाईंदरांत गब्बरसिंगाचें नांव न ऐकलेलें मूल विरळा. शिंदे यांचें नांव माहीत असलेलें मला वर्गांत एकहि आढळलें नाहीं.

गब्बरच्या प्रवेशाचाच प्रसंग पाहा. आरंभीं त्याचें तोंड दिसत नाहीं. खडकावरून चालणारे बूट दिसतात, फरफटणारा पट्टा दिसतो, आवाज ऐकूं येतो. आणि समोर अपराध्यासारखे उभे असलेले तिघे साथीदार. मग सहा गोळ्यांच्या पिस्तुलांतील तीन गोळ्या तो हवेंत उडवितो, चक्र फिरवितो, आणि एकेकावर पिस्तूल रोखितो. घाई करावयाची असती, तर हा सर्व प्रकार अर्ध्या मिनिटांत उरकतां आला असता. परंतु चित्र भेदरलेल्या चेहऱ्यावर रेंगाळतें, पिस्तुलाकडे वळतें, पुन्हां दुसऱ्या चेहऱ्यावर येतें. तीन गोळ्या शिल्लक आहेत हें आपणांस ठाऊक असतें. त्या कोणत्या घरांत आहेत हें ठाऊक नसतें. उत्कंठेचा जन्म या दोहोंच्या मध्यें होतो. त्याच चित्रपटांत ठाकुराच्या नातवाचा वध दाखविलेलाच नाहीं. गब्बर मुलावर बंदूक रोखितो, बार ऐकूं येतो, आणि पडद्यावर आगगाडी येते. जें आपण पाहिलेंच नाहीं, तें पाहिल्यासारखें आपल्या मनांत राहतें.

प्रसिद्ध इंग्रज दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक हेंच तत्त्व असें समजावून देत असे: मेजाखालीं बॉम्ब आहे हें न सांगतां तो फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकेल; पण आधींच सांगितलें, तर मेजाशीं चाललेलें साधें संभाषणहि त्यास असह्य होईल.

वर्गांत मी हा प्रयोग कागदाच्या चिठ्ठ्यांवर करवितों. एकीवर ‘उत्तनहून निघालेली बस’, दुसरीवर ‘परीक्षागृहांतील घड्याळ’, तिसरीवर ‘बसमधील विद्यार्थिनी’, चौथीवर ‘बंद होऊं लागलेलें फाटक’. नुसती बस दाखविली, तर तो प्रवास झाला. बस, घड्याळ, विद्यार्थिनी, पुन्हां घड्याळ, मग फाटक, अशा चिठ्ठ्या लावल्या कीं वर्ग एकदम शांत होतो. बस मात्र तितक्याच वेगानें धांवत असते!

रशियांतील कुलेशॉव्ह नांवाच्या दिग्दर्शकानें सुमारें शंभर वर्षांपूर्वीं एका नटाचा एकच निर्विकार चेहरा आळीपाळीनें सूपचा वाडगा, शवपेटी व एक स्त्री यांच्या चित्रांस जोडला. प्रेक्षकांस त्याच चेहऱ्यावर कधीं भूक, कधीं शोक, तर कधीं प्रेम दिसलें, असें सांगतात. अर्थ चेहऱ्यांत नव्हता. सांध्यांत होता, आणि तो पाहणाऱ्यानेंच भरिला होता.

येथपर्यंत हा करमणुकीचा विषय झाला. परंतु आतां ही कात्री ज्याच्या त्याच्या खिशांत आली आहे. गेल्या पावसाळ्यांत आमच्या वस्तींतील पालकांच्या मोबाईलवर दहा सेकंदांची एक चित्रफीत फिरली. एक थोराड मुलगा एका लहानग्यास दंडाला धरून ओढीत आहे व लहानगा आक्रोश करीत आहे, एवढेंच तींत होतें. सायंकाळपर्यंत जो तो त्या मुलास दूषणें देऊं लागला. दोन घरांचें बोलणें तुटलें. मुलगा तीन दिवस शाळेंत आला नाहीं. चौथ्या दिवशीं एका दुकानदारानें आपल्या कॅमेऱ्यांतील संपूर्ण चित्रण दाखविलें. लहानगा रिक्षापुढें धांवला होता, आणि थोरल्यानें त्यास मागें ओढिलें होतें. फिरलेल्या चित्रफितींत एकहि चित्र खोटें नव्हतें. आधींचे आठ सेकंद तेवढे तींत नव्हते. मुलगा शाळेंत परतला. परंतु पहिल्या बांकावरची आपली जागा सोडून दिवाळीपर्यंत तो शेवटच्या बांकावर बसत होता.

चित्रपटाच्या संकलकाचें नांव पडद्यावर येतें, आणि आपण तिकीट काढून त्याच्या कात्रीस संमति देतों. मोबाईलवरील चित्रफितीस कात्री कोणीं लाविली व कशासाठीं, हें कोणास ठाऊक नसतें. म्हणून विद्यार्थिमित्रहो, आणि पालकहो, चित्रपटगृहांत खुशाल भ्या व भिण्याचा आनंद घ्या. हातांतील चित्रफीत दुसऱ्यास धाडण्यापूर्वीं मात्र क्षणभर थांबून स्वतःस विचारा, कीं हिच्या आधीं काय होतें, आणि नंतर काय झालें? उत्तर मिळेपर्यंत ती पुढें धाडूं नका.