गाडीचा श्वास

रहिमतपूरच्या आमच्या घरी भारत स्टेज-३ची जुनी पेट्रोल मोटार आहे. वडिलांना उपचारांसाठी साताऱ्यास नेण्याचे तेच एक साधन. यंदा पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्याची मर्यादा ओलांडून गेला आणि प्रमाणपत्र अडले. ‘आता विकून टाका’ असा सल्ला मिळाला. आम्ही भावंडांनी मात्र आधी कारण शोधायचे ठरवले.

एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. सायलेन्सरच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर धुरात उरलेला प्राणवायू ओळखून इंजिनच्या संगणकास कळवतो. तो झिजला की पेट्रोल अधिक सुटते, अर्धवट जळते. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग, ना वास.

बॅटरीची ऋण तार सोडून, नळी कोमट असतानाच आम्ही २२ नंबरच्या पान्याने जुना सेन्सर काढला. नवा आधी हाताने आट्यांत फिरवला, मग आवळला. फेरतपासणीत गाडी उत्तीर्ण झाली.

वसतिगृहाच्या एकाच खोलीत रात्री काढलेल्या आपणांस निराळे काय सांगावे? हवा कोणा एकट्याची नसते. आमच्या गाडीमागून चालणाऱ्या मुलांचाही तिच्यावर तितकाच हक्क आहे.