पाहणीच्या कागदावर नसलेले

लिंबायतच्या आमच्या घरी पाहणीवाले आले की वडील पगाराचा आकडा सांगून मोकळे होत. खानदेशातून आलेल्या यंत्रमाग कामगाराला तेवढेच विचारले जाई. बारा तासांच्या पाळीने कान किती बधिरले, उचल कशी फिटली, यांसाठी कागदावर रकानाच नव्हता.

पुढे वाचनात आले की १८८० साली कार्ल मार्क्सने फ्रान्समधील कामगारांसाठी सुमारे शंभर प्रश्नांची यादी काढली होती. कामाचे तास, अपघात, दंड, मुलांची मजुरी. आणि उत्तरे कामगारानेच द्यायची. उत्तरे थोडीच आली म्हणतात. तरी समाजसंशोधनातील चिकित्सक दृष्टीचे एक मूळ आम्हांला तेथे दिसते. आमच्या मुलखातले, धुळ्याचे शरद पाटील यांनी वर्गासोबत जातही तपासायला हवी असा आग्रह धरला आणि १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. (आमच्या मंडळींत जातीचा विषय निघाला की चहा येतो.)

आज आमच्या नावावर चार माग आहेत. त्यांवर ओडिशाचा एक तरुण रात्रपाळी करतो. परवा त्याला वडिलांना न विचारलेले प्रश्न विचारावेत असे मनात आले. कानांपर्यंत ठीक होते. उचलीपाशी आम्ही थबकलो. ती आमच्याच वहीत मांडलेली आहे.