वळणाची मर्यादा

काच वाकत नाही, फुटते, असा आपणां सर्वांचा बालपणापासूनचा समज असतो. परंतु तिचाच केसासारखा तंतू ओढला, की ती सहज वळते. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासमवेत १९५४ साली लंडनमध्ये अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेल्याचे प्रसिद्ध केले. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी अतिशुद्ध काचेतून दूरवर संदेश धाडता येतील, असे प्रतिपादिले. आज तोच तंतू आमच्या शाळेच्या पडवीतील भिंतीवर, एका लहानशा पेटीत येऊन थांबला आहे. ती पेटी बसविताना आम्ही पाहिले, ते येथे सांगावेसे वाटते.

केबल पेटीत खालून घेतली होती आणि शिरण्यापूर्वी तिला झोल दिला होता. त्यामुळे पावसाचे पाणी आत न जाता झोलावरूनच ठिबकते. ओढ काचेवर पडू नये म्हणून केबलमधील चिवट धागे पेटीच्या स्क्रूला आवळले. आत बराचसा तंतू रुंद वेटोळ्यांत ठेवलेला पाहून आम्ही विचारले, "काका, एवढा तंतू वाया का घालवता?"

"वाया नाही, बाळांनो. उद्या टोक तुटलं, तर नव्या जोडाला कुठून आणायचा?"

वेटोळी रुंद ठेवण्यासही कारण आहे. गाभ्यातील प्रकाश भोवतालच्या काचेच्या थरावरून परत आत वळतो. वळण तीव्र झाले, की तो बाहेर निसटतो. म्हणून साध्या तंतूच्या वळणाची त्रिज्या सामान्यतः ३० मिलिमीटरपेक्षा कमी करीत नाहीत. आवळलेला तंतू अखंड दिसतो, परंतु संदेश क्षीण होतो.

टोकात डोकावण्याचा मोह कोणास होणार नाही? परंतु १३१० किंवा १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तो प्रकाश डोळ्यांस दिसतच नाही. समोर अंधार भासतो आणि इजा मात्र होऊ शकते. कापलेले तुकडे तर काकांनी एकेक करून चिकटपट्टीवर टिपले आणि झाकणाच्या डबीत टाकले. काचेचे असे कुसळ कातडीत रुतले, तर शोधूनही सापडत नाही. आणि याच पडवीत लहान वर्गांची मुले मधल्या सुटीत डबे उघडून बसतात.

आता पेटीचे झाकण लागले आहे. आतली वेटोळी कोणी पाहणार नाही, वाखाणणार नाही. आमच्यापैकी जे कोणी उद्या हे काम हाती घेतील, त्यांनी एवढे स्मरावे, की झाकणाआड केलेल्या कामावरही कोणाचा तरी डोळा, कोणाचे तरी बोट विसंबून असते.